काळ्या पाषाणातील पोकळ्यांचा शोध

पनवेलजवळच्या करंजाडे येथे इमारतीचा पाया खोल खणला की काळा पाषाण लागतो. या जातीच्या पाषाणाच्या पोटात कधी कधी पांढऱ्या वा फिकट गुलाबी स्फटिकांनी मढलेली पोकळी असते. सुरुंग लागला की स्फटिकांचा चुरा होतो, दगड खडीच्या यंत्रात जातो, आणि पायात काँक्रीट पडले की विषयच बुजतो. अशी जागा घरगुती साधनांनी आधीच ओळखता येईल काय, हे येथे पाहावयाचे आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. थराच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकले व पुढे झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्युलंडाइट, अपोफायलाइट ही खनिजे साठवली. 1863 मध्ये पुरा झालेला बोरघाटातील लोहमार्ग खोदताना निघालेले स्फटिक परदेशी संग्रहालयांत पोहोचले. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट तर आज जगभर नावाजलेले आहे.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे डोळा. कापलेल्या दरडीत दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसला, तर त्याच्या लगेच खालचा खडक पाहावा. तो खालच्या थराचा माथा, म्हणजेच बुडबुड्यांची जागा. ओढ्यात स्फटिकांचे तुकडे सापडले तर वरच्या अंगास चालत जावे. ते जेथे मिळेनासे होतात, तेथेच आसपास त्यांचे घर असते.

दुसरे साधन कान. अभंग खडकावर हातोडा खणखणीत वाजतो, पोकळीवर बद्द. मात्र भेगाळलेला वा कुजलेला दगडही बद्दच वाजतो, आणि हातभर खोलीवरची मूठभर पोकळी काहीच सांगत नाही.

तिसरी युक्ती विजेची. फ्रँक वेनर यांनी 1915 मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे चार लोखंडी सळया एका रेषेत सारख्या अंतराने ठोकाव्या, बाहेरच्या दोहोंतून बॅटरीचा प्रवाह सोडावा व आतल्या दोहोंमधील विद्युतदाब मोजावा. प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा मोजावे, नाहीतर सळयाच फसवतात. अंतर वाढवले की मोजणी अधिक खोलीची होते. कोरडी पोकळी प्रवाहाला अडवते, पाणी वा चिकणमाती भरलेली त्याला वाट देते. त्यामुळे एकच खूण शोधून भागत नाही. शिवाय पोकळी खोलीच्या मानाने लहान असली तर ती हाती लागत नाही.

उरले पाणाडे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडे व वारुळे यांवरून भूजल ओळखण्याचे प्रकरण आहे. झाड पाणी पितेच, तेव्हा त्यात काही अर्थ असू शकतो. कोरड्या स्फटिकाविषयी झाड काय बोलणार? हातातली काठी फिरते ती बहुधा मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीने.

तरीही वाद नको, परीक्षा घ्यावी. मोकळ्या अंगणात सारखे दहा खड्डे खणावे, एकातच रिकामे मडके पालथे पुरावे व दहाही सारखेच बुजवावे. पुरणाऱ्याने नंतर तेथे थांबू नये. शोधणाऱ्याने खड्डा उकरण्यापूर्वी आपले उत्तर कागदावर लिहावे. नुसत्या अंदाजानेही दहांत एकदा बरोबर येते, म्हणून जागा बदलून हे वीसएक वेळा करावे. सळयांची परीक्षा झाली की काठीवाल्यालाही त्याच अंगणात बोलवावे.