खिन्न मन आणि मानसचित्रे

घरातील एखादे माणूस आठवडेच्या आठवडे उदास राहू लागले, त्याची जेवणावरची वासना उडाली, बोलणे कमी झाले, म्हणजे आपण सर्वजण त्याला एकच उपदेश करतो : चांगले विचार मनात आणावेत. उपदेश सद्हेतूने केलेला असतो. परंतु तो ऐकून त्या माणसाचे मन बहुधा हलके होत नाही, कित्येकदा अधिकच जड होते. असे का व्हावे, याचा शोध इंग्लंडमधील काही मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाच्या मार्गाने घेतला आहे. तो प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडण्याजोगा असल्याने येथे देत आहे.

ज्याला आपण सरसकट 'विचार' म्हणतो त्यात दोन निराळ्या क्रिया असतात. 'बहीण भाऊबीजेला येणार आहे' हे वाक्य मनात म्हणणे ही एक. दाराची कडी वाजली, तिच्या हातातील पिशवी आपण घेतली, तबकातील निरांजनाची ऊब चेहऱ्याला लागली, हे सारे आत्ताच घडत आहे अशा रीतीने मनापुढे आणणे ही दुसरी. या दुसऱ्या क्रियेला मानसचित्र म्हणू. चित्र म्हटले तरी त्यात नाद, गंध आणि स्पर्शही येतात. ही शक्ती सर्वांना सारखी नसते. १८८० साली फ्रान्सिस गाल्टन याने लोकांना आपले सकाळचे न्याहारीचे मेज मनाने पाहावयास सांगितले, तेव्हा काहींना ते लख्ख दिसले, तर काही विद्वानांना काहीच दिसेना. (विद्वानांची ही फजिती वाचून मला थोडी मौज वाटली, हे लपवीत नाही.)

एमिली होम्स व अँड्र्यू मॅथ्यूज आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना शंभर सुखद प्रसंगांची वर्णने ऐकविली. काहींनी ती मनाने चितारावयाची, इतरांनी केवळ त्यांच्या अर्थाचा शब्दांतून विचार करावयाचा. वर्णने तीच, पण चितारणाऱ्यांच्या मनाचा उल्हास अधिक वाढला. २००८ सालच्या पुढील प्रयोगात याहून सूक्ष्म गोष्ट दिसली. प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तर मन प्रसन्न होते. मात्र दूर उभे राहून, छायाचित्रात पाहावे तसे आपणांस पाहिले, तर उलट ते खालावते. शब्दांतून विचार करणाऱ्यांचेही तसेच झाले. याचे कारण संशोधकांना असे वाटते की, शब्दांनी विचार करताना किंवा दुरून पाहताना मनुष्य तुलना करू लागतो : 'ते सुख कोठे आणि मी कोठे!' आपला उपदेश निष्फळ का होतो, ते येथे ध्यानात यावे.

खिन्न माणसाची अडचण आणखी एक असते. पुढे घडू शकणाऱ्या चांगल्या गोष्टीचे चित्र त्याच्या मनात अंधुक उमटते. ज्याला उद्याचे सुख दिसतच नाही, त्याला उठून हातपाय हलविण्याचे बळ कोठून यावे? परंतु ही वाट अगदीच बंद नसते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खिन्न मनाच्या लोकांना चित्र व शब्द यांची जोडी दाखवून त्यांवरून सुखद मानसचित्रे रचावयास लावले. त्यांचा उल्हास तर वाढलाच, शिवाय नंतर दिलेल्या मासे पकडण्याच्या खेळातही त्यांनी इतरांपेक्षा चांगली कामगिरी केली. मन हलले तसा हातही हलला.

यावरून कोणी हे रामबाण औषध समजू नये. २०१५ साली नैराश्याच्या दीडशे रोग्यांवर चार आठवडे असा अभ्यास करून पाहिला, तेव्हा एकंदर नैराश्यात तुलनेच्या गटाहून विशेष फरक पडला नाही. आनंद न वाटण्याच्या लक्षणात मात्र सुधारणेची काही चिन्हे दिसली. म्हणून झोप उडाली असेल, मनुष्य मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६.

आपल्याकडे मानसपूजेची रीत जुनी आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या शिवमानसपूजा स्तोत्रात आसनापासून नैवेद्यापर्यंत सर्व उपचार मनानेच कल्पून अर्पिले जातात. तिचा हेतू उपासना आहे, चिकित्सा नव्हे, आणि दोहोंची गल्लत करणे मला प्रशस्त वाटत नाही. तरीपण ज्यांना ती पूजा ठाऊक आहे, त्यांना मानसचित्र कसे रचावे हे निराळे शिकवावे लागणार नाही. तेथे पूजक स्वतः फूल वाहतो. फूल वाहणाऱ्या स्वतःकडे दुरून पाहत नाही.

घरी हे करून पाहणाऱ्यांनी प्रसंग लहान व जवळचा घ्यावा : उद्या सकाळी अंगणातील तुळशीला पाणी घालणे, किंवा मित्राकडे जाऊन चहा घेणे. उदास माणसाला 'काय वाटते?' असे विचारण्यापेक्षा 'कप कोणत्या रंगाचा आहे? बाहेर ऊन पडले आहे का?' असे हळूहळू विचारावे. गेलेल्या दिवसांच्या सुखाची आठवण शक्यतो काढू नये. खिन्न मन तिची तुलना आजच्या दिवसाशी लगेच करते. चित्र नीट उमटले, की दुसऱ्या दिवशी त्या माणसाबरोबर खरोखरच तुळशीपाशी जावे आणि तांब्या त्याच्या हाती द्यावा.