गोळी दिली, तरी जंत पुन्हा का?

“अंगणवाडीत गोळी दिली होती, मग परत जंत कसे?” आरे कॉलनीतल्या पाड्यांवरच्या आयांचा हा प्रश्न रास्त आहे. गोळी पोटातले जंत मारते. अंगणातली माती ती कशी साफ करणार?

आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले वारली, कोकणा, मल्हार कोळी पाडे मुंबईच्याच हद्दीत आहेत. पण अनेक घरांना नळ नाही, संडास नाही. मुलं झाडीतच बसतात. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती विष्ठेतून सावलीतल्या ओल्या मातीत पडली, की दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि पुढे महिनोन्महिने, कधी वर्षंही तग धरतात. तीच माती नखांतून तोंडात जाते. अंकुशकृमीची तऱ्हा वेगळी. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, मोठी झाली की आतड्याला चिकटून रक्त पिते. फिकट दिसणाऱ्या, लवकर दमणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन म्हणूनच तपासून घ्या, आणि पावसाळ्यात पायात चप्पल असू द्या.

गूळ-साखर खाल्ल्यानं जंत होत नाहीत. झोपेत दात खाणं किंवा गालावरचे पांढरे चट्टे ही जंतांची खूण नव्हे. रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल, तर मात्र सुतकृमीचा संशय घ्या. तो मातीतून नव्हे, हातातून, चादरीतून पसरतो. त्यावर घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं. डोस मात्र डॉक्टरांना विचारून.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल मोफत मिळतं : दोन वर्षांखाली अर्धी गोळी, पुढे ४०० मिलिग्रॅमची पूर्ण. लहानग्यांना पूड करून पाण्यातून द्या, मोठ्यांना चावून खायला सांगा. त्या दिवशी मूल आजारी असेल तर थांबा, बरं झालं की अंगणवाडी किंवा शाळेतून मागून घ्या. पोटात जंत जास्त असले, तर गोळीनंतर थोडं दुखतं, मळमळतं. घाबरू नका.

दूषित पाण्यातून पसरणारा जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी या एका गोळीनं जात नाही. दुर्गंधीचे, तेलकट जुलाब लांबले, मूल वाळत चाललं, तर शौचाची तपासणी करा. औषध निराळं असतं. तुरटीनं पाणी नितळ दिसतं, पण तेवढ्यावर भागत नाही. पिण्याचं पाणी खळखळ उकळाच.

लांबून हंडा वाहून आणणाऱ्या बाईला ‘दिवसातून दहादा हात धुवा’ म्हणणं मला फाजीलपणाचं वाटतं. दोन वेळा अजिबात चुकवू नका : शौचाहून आल्यावर आणि जेवण्याआधी. साबण हवाच, सॅनिटायझरनं जंतांची अंडी मरत नाहीत. नखं दर आठवड्याला कापा. पाड्यावर नळ आणि संडास यावा म्हणून पालिकेकडे अर्ज करताना मुलांच्या जंतांचाही उल्लेख करा. हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबत नाहीत, शौच आणि वारा दोन्ही बंद झालं, तर जंतांच्या गुंत्यानं आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी घरी गोळी किंवा वावडिंग देत बसू नका, मुलाला ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्या.