तणनाशकाशिवाय तण काढायचा व्यवसाय: दर सांगण्याआधी तण ओळखा



सोसायटी, बंगला, बालवाडी अशा ठिकाणी बागेत तणनाशक फवारायला लोक कचरतात. मुलं तिथेच खेळतात, कुत्री-मांजरं फिरतात. म्हणजे या कामाला गिऱ्हाईक आहे. मग नवीन माणूस तोट्यात का जातो? "सगळं तण साफ करून देतो" असा शब्द देऊन तो एकरकमी पैसे घेतो. पावसाळ्यात तीन आठवड्यांत फोन येतो, "अहो, परत उगवलं की!" मग दुसरी फेरी फुकट, आणि नफा तिथेच संपला.

म्हणून आधी तण ओळखा, मग शब्द द्या.

१) बियांपासून येणारं तण
गाजरगवत (आपलं काँग्रेस गवत), टाकळा वगैरे. गाजरगवताचं एक झाड हजारो बिया टाकतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. त्यामुळे फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. हे तण वेळेवर काढत राहिलात तर वर्षागणिक कमी होतं.

२) जमिनीखालून फुटणारं तण
लव्हाळा आणि हरळी. लव्हाळा वरून ओढला की पात हातात येते, गाठ खाली राहते आणि नवा कोंब फुटतो. हरळीचं तर तुटलेल्या पेरापासूनही नवीन झाड होतं, म्हणून कुदळीने तुकडे करू नका. माती मोकळी करून लांब धागा अख्खा ओढून काढा. इथे "एकदाच काढून देतो" असं कधीही म्हणू नका. वारंवार यावं लागेल, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगा.

तण परत येऊ नये म्हणून काय विकाल?
• रिकामा वाफा असेल तर एप्रिल-मे महिन्यात माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीत दाबा आणि ४ ते ६ आठवडे ठेवा. उन्हाच्या तापाने वरच्या थरातल्या बऱ्याच बिया मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर मात्र याचा भरवसा नाही.
• झाडांभोवती ३-४ इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा. खोडाला चिकटवू नका.
• पेव्हर ब्लॉकच्या फटीत उकळतं पाणी जपून ओता. मुळं जगली तर परत ओतावं लागतं.
• मीठ-व्हिनेगरचा नुस्खा वाफ्यात नको. व्हिनेगर बहुतेक पानंच जाळतं, आणि मीठ मातीत राहून गिऱ्हाइकाच्या गुलाबालाही मारतं!

दर कसा काढाल?
आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे घाला. दोन माणसांची मजुरी १,२००, प्रवास १५०, अवजारांची झीज ५०. एका फेरीचा खर्च १,४०० रुपये. त्यावर ३० टक्के, म्हणजे ४२० रुपये. एका फेरीचा दर झाला १,८२०. आता एकच फेरी न विकता वर्षाचा करार मांडा. जुलै ते सप्टेंबर दर १५-२० दिवसांनी, पुढे महिन्यातून एकदा. पुढच्या फेऱ्यांना तण कोवळं असतं, काम लवकर उरकतं, आणि तुमची खरी कमाई तिथे आहे.

करारात एक ओळ स्पष्ट लिहा: "तण नियंत्रणात ठेवू, कायमचं संपवण्याची हमी नाही." ही ओळ वाचून एखादं गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या. जे राहील ते भांडणार नाही.

आजचा गृहपाठ: जवळच्या एका बागेत जा, पाच प्रकारचं तण उपटून मुळं बघा. कोणतं बियांचं, कोणतं गाठीचं किंवा धाग्याचं, ते वहीत लिहा. मगच पहिलं कोटेशन द्या.