उडत्या विमानात इंधन कसे भरतात

विमानाला लांबचा पल्ला गाठावयाचा असेल, तर पुष्कळ इंधन बरोबर घ्यावे लागते. परंतु इंधनालाही वजन असते आणि ते वाहून नेण्यासाठी पुन्हा इंधनच खर्च होते. धावपट्टीवरून जे वजन उचलावयाचे त्यास मर्यादा असते. म्हणून इंधन वाढवावे तर माल कमी करावा लागतो आणि माल वाढवावा तर पल्ला घटतो. यावर उपाय म्हणजे माल घेऊन, परंतु थोड्या इंधनावर वर चढावयाचे आणि उरलेले इंधन आकाशातच दुसऱ्या विमानाकडून घ्यावयाचे.

२७ जून १९२३ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे लष्कराच्या दोन दुपंखी विमानांनी हा प्रयोग केला. वरच्या विमानातून नळी खाली सोडण्यात आली व खालच्या विमानातील माणसाने ती हाताने धरून टाकीला जोडली. पुढे ऑगस्टमध्ये याच रीतीने एक विमान ३७ तासांहून अधिक काळ हवेत राहिले. १९३४ साली ब्रिटिश वैमानिक ॲलन कॉबम इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे वाटेत न थांबता येण्यास निघाले. परंतु यंत्रात बिघाड झाल्यामुळे त्यांना माल्टा बेटावर उतरावे लागले. १९४९ साली अमेरिकेच्या एका बाँबफेकी विमानाने चार वेळा हवेत इंधन घेऊन ९४ तासांत कोठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

इतक्या वेगाने उडणारी दोन विमाने एकमेकांस जोडली जातात कशी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर सापेक्ष वेगात आहे. दोन्ही विमाने एकाच दिशेने व सारख्याच वेगाने जात असली, तर एकातून पाहणाऱ्याला दुसरे स्थिर असल्यासारखे भासते.

आज दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत इंधनवाहू विमान रहाटावर गुंडाळलेली लवचीक नळी मागे सोडते. नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी एक टोपली असते. मागून येणाऱ्या विमानाच्या पुढील भागी एक ताठ नळी असते. वैमानिक ती टोपलीत नेमकी घालतो. त्या वेळी मागच्या विमानाचा वेग पुढच्याहून केवळ चालणाऱ्या माणसाच्या वेगाइतकाच अधिक असावा लागतो. तो फार कमी पडला तर जोड बसत नाही; फार जास्त झाला तर लवचीक नळीत लाट उठून ताठ नळीचे टोक मोडू शकते. जोड पक्का बसल्यावरच दोन्हीकडील झडपा उघडतात.

दुसऱ्या पद्धतीत इंधनवाहू विमानाच्या शेपटीखाली लांबवता येणारा ताठ दांडा असतो. त्याला छोटे पंख असतात व त्यांच्या साहाय्याने एक कर्मचारी तो दांडा खालच्या विमानाच्या पाठीवरील तोंडात बसवितो. या मार्गाने इंधन अधिक जलद जाते, म्हणून मोठ्या विमानांना ही पद्धत सोयीची पडते. पहिलीचा लाभ असा की, तीत एका वेळी दोन किंवा तीन विमानांनाही इंधन देता येते.

जोड बसला म्हणजे काम संपले असे नव्हे. इंधन घेणारे विमान क्षणोक्षणी जड होते आणि देणारे हलके होत जाते. म्हणून वैमानिकांना इंजिनांची शक्ती सतत कमीअधिक करावी लागते. यात झालेली चूक किती महाग पडते, हे १७ जानेवारी १९६६ रोजी दिसून आले. स्पेनमधील पालोमारेस गावावर इंधन घेताना अमेरिकेची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ७ जण मृत्युमुखी पडले.

भारतीय वायुसेनेकडे २००३ सालापासून इल्युशिन-७८ जातीची इंधनवाहू विमाने असून त्यांचे ठाणे आग्रा येथे आहे. जुलै २०२० मध्ये फ्रान्सहून आलेल्या पहिल्या पाच राफाल विमानांनीही वाटेत हवेतच इंधन घेतले होते. मात्र इंधन देणारे विमान स्वतःही इंधन जाळते, हे विसरता येत नाही. म्हणूनच हा खर्चिक मार्ग मुख्यतः लष्करी कामापुरताच राहिला आहे; प्रवासी विमाने आजही जमिनीवरच टाक्या भरून घेतात.