आजोबांची काठी आणि आतले पाते

शहापूर तालुक्यातल्या एका वाचकाला माळ्यावर आजोबांची काठी सापडली. मूठ ओढली, तर आतून हातभर लांब पाते बाहेर आले. ही काठी घेऊन मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेला गेले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

चालणार नाही. शस्त्र अधिनियम, 1959 साध्या काठीला शस्त्र मानत नाही; पाते लपवलेली काठी मात्र गुप्ती ठरते. शस्त्र नियम, 2016 मध्ये तलवारींच्या जोडीने गुप्तीचाही स्पष्ट उल्लेख आहे.

मग मुरबाडच्या रानात कमरेला लाकडी खोबणीत अडकवलेला कोयता? तोही रुंद आणि धारदार असतो. पण नियमांतली 9 इंच लांबी किंवा 2 इंच रुंदीची मर्यादा घरगुती आणि शेतीच्या अवजारांना लागू नाही. कोयता लाकूड तोडायला असतो आणि तो सगळ्यांना दिसतो. गुप्तीचा सारा घाट मात्र न दिसण्यासाठीच असतो. ब्रिटननेही 1988 मध्ये गुप्तीच्या विक्रीवर बंदी घातली, पण शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सूट दिली.

यात्रा-निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो. तेव्हा साधी लाठी बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. म्हणून गावातला आदेश आधी पाहावा.

आजोबांची आठवण जपायची असेल, तर वकिलाच्या सल्ल्याने जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. जवळच्या पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करण्याची सोयही कायद्यात आहे.