भोपळा का गळतो?

चैत्र महिना होता. ऊन कडक होते. शेजारच्या वहिनी आमच्या ओसरीवर आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, परसातल्या भोपळ्याला फुलं रग्गड येतात. पण फळ काही धरत नाही. सुपारीएवढं होतं, पिवळं पडतं नि गळतं. कुणाची तरी दृष्ट लागली. वेल उपटूनच टाकते."

मी म्हटले, "घाई करू नका. उद्या सकाळी बघू."

दिवस उगवताच आम्ही परसात गेलो. फुले उमलली होती. मी म्हटले, "वहिनी, हे लांब देठाचं नर फूल. याच्या आत पिवळी पूड आहे. तिला पराग म्हणतात. आणि या फुलाखाली बघा, इवलासा भोपळा आहे. हे मादी फूल. नराचे पराग मादीला लागले, तरच फळ वाढतं."

"मग पराग नेतं कोण?"

"मधमाशी. हे पराग जड नि चिकट. वाऱ्यानं उडत नाहीत."

आम्ही घटकाभर थांबलो. एकही माशी आली नाही. वहिनी हळूच म्हणाल्या, "शिमग्यात आमच्या पोरांनी लिंबावरचं मोहोळ जाळलं."

दुसरे कारण ऊन. ऊन वाढले की पोळे तापते. पुष्कळ माश्या पाणी आणण्यात गुंततात. पाणी शिंपडून, पंखांनी वारा घालून त्या पोळे थंड ठेवतात. फुलांकडे कमी येतात. भोपळ्याचे फूल तर दुपारच्या आत मिटते. तोवर माशी आली नाही, की फूल वाया गेले.

मग काय करावे?

१. सकाळी लवकर ताजे नर फूल तोडा. पाकळ्या काढा. मधला दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. तिथे हे काम संध्याकाळी करा.

२. परळात पाणी ठेवा. त्यात खडे घाला, म्हणजे माश्या बुडणार नाहीत.

३. फुले उमललेली असताना कीड मारायचे औषध फवारू नका.

४. मोहोळ जाळू नका.

वहिनींनी चार फुलांना पराग लावले. दोन गळली. फार उन्हाने परागही मरतात. पण दोन भोपळे धरले. वेल वाचला. आता पोरेच रोज परळ भरतात.

सांगा पाहू :
नर फूल कसे ओळखाल?
तुमच्या परसात सकाळी किती माश्या येतात? उद्या मोजा.