अंतर आणि विस्थापन

नगरच्या भुईकोट किल्ल्यास एक फेरी घालून विद्यार्थी निघाल्या जागी परत आला, तर त्याचे विस्थापन किती? या प्रश्नास ‘शून्य’ असे उत्तर लिहावयास आमचे पुष्कळ विद्यार्थी कचरतात, आणि जे लिहितात त्यांचाही त्यावर विश्वास बसलेला नसतो. घरी विचारावे तर वडील मंडळी म्हणतात, ‘पाय दुखेपर्यंत चालायचे आणि हिशेबी शून्य, हे कसले शास्त्र?’ शंका रास्त आहे. म्हणून तिचा विचार आपण येथल्याच भूमीवर करू.

किल्ला जवळजवळ वाटोळा असून त्याचा घेर सुमारे १.७ किलोमीटर आहे. सोयीसाठी तो अचूक वर्तुळ मानू, आणि तटाच्या कडेकडेने चालत आहो असे समजू. अर्धी फेरी होताच पायाखालून ८५० मीटर वाट गेली. परंतु निघाल्या जागेपासून समोरच्या टोकापर्यंत सरळ दोरी ताणली, तर ती व्यासाएवढी, म्हणजे सुमारे ५४० मीटर भरेल. पहिला आकडा अंतराचा, दुसरा विस्थापनाचा. येथून पुढे वाट वाढतच जाते, दोरी मात्र आखडत येते, आणि फेरी पुरी होताच ती उरतच नाही. श्रम वाया गेले असे नव्हे. ते अंतराच्या खाती जमा आहेत. विस्थापन एवढेच विचारते की, निघालास कोठून आणि पोहोचलास कोठे. आपल्या भाषेत यास ‘येरझारा’ हा सुरेख शब्द आहे. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ पर्यंत पंडित जवाहरलाल नेहरू याच किल्ल्यात स्थानबद्ध होते. अशा बंदिवानाने आवारात कितीही मैल येरझारा घातल्या, तरी खोलीत परतताच त्याचे विस्थापन शून्य.

आता पुण्यास जाऊ. मोटारीच्या रस्त्याने पुणे सुमारे १२० किलोमीटर आहे. दौंडावरून आगगाडीने जावे तर सुमारे १६० पडतात. नकाशावर फूटपट्टी ठेविली तर मात्र जेमतेम ११०. वाट कोणतीही धरा, विस्थापन तेच. आणि ते अंतराहून कधीही अधिक असू शकत नाही. तिकिटाचे पैसे अर्थातच फूटपट्टीने आकारीत नाहीत!

परंतु ‘११० किलोमीटर’ एवढेच लिहिणाऱ्यास आम्ही पुरे गुण देत नाही. कारण नगराहून छत्रपती संभाजीनगरही सरळ रेषेत सुमारे तितकेच लांब आहे. पुणे नैऋत्येस, ते ईशान्येस. दिशा सांगितल्यावाचून प्रवासी कोणत्या गावी उतरला हे कळणार कसे? म्हणून अंतर ही अदिश राशी, तर विस्थापन ही सदिश राशी होय.

वेगाविषयीही हाच घोटाळा होतो. किल्ल्याची फेरी २० मिनिटांत पुरी झाली, तर सरासरी चाल मिनिटास ८५ मीटर; सरासरी वेग मात्र शून्य, कारण वेग विस्थापनावरून काढावयाचा असतो.

एक उदाहरण घरी सोडवावे. एक गृहस्थ पुण्याहून नगरास आले व तेथून संभाजीनगरास गेले. दुसरे पुण्याहून नगरास येऊन पुण्यासच परतले. दोघांनीही सरळ रेषेने सुमारे ११०–११० किलोमीटरांचे दोन टप्पे केले असे धरावे. पहिल्याचे विस्थापन २१५ किलोमीटरांच्या आसपास येईल. दुसऱ्याचे किती, हे आता वडिलांस समजावून सांगावे.